पुसलेल्या ओळीचा रंग

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या नित्याच्या बोलण्यातला आहे; परंतु हरताळ हा पदार्थ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे असे वाचक आता थोडेच असतील. जुन्या हस्तलिखित पोथ्या चाळणाऱ्यांस तो ठाऊक असतो. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले की तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई, लेप वाळला म्हणजे त्याच जागी शुद्ध अक्षर लिही आणि पुढे जाई. दंड आणि अध्यायसमाप्तीचे शब्द तांबड्या रंगाने रेखण्याचीही चाल होती. तेव्हा मजकुरात काय विशेष घडले ते रंगाने दाखविण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. मात्र त्या पिवळ्या डागाखाली पूर्वी काय होते ते वाचकास कळत नसे. चूक झाकली जाई, तिची नोंद राहत नसे.

ही नोंद राहावी, हीच आमची गरज होती. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती सिद्ध करण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. घराण्याच्या शाखा गोव्यातून निघून बेळगाव, बडोदे, हैदराबाद अशा पांगलेल्या. त्यामुळे मजकूर तपासणारेही चार दिशांस बसलेले. एकाने तिथी सुधारावी, दुसऱ्याने ती पुन्हा फिरवावी, आणि कोणी काय केले याचा थांग लागू नये, अशी अवस्था होऊ लागली, तेव्हा घरातल्याच एका संगणक शिकलेल्या तरुणाने ‘गिट’ नावाचे साधन आणून दिले. हे साधन मुळात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांसाठी आहे. ‘लिनक्स’ या प्रणालीचा गाभा जगभरचे कितीतरी लोक मिळून लिहितात. त्यांचे काम सांभाळण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते रचले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, याची नोंद ते चोख ठेवते. ओळी आज्ञावलीच्या आहेत की आमच्या पूर्वजांच्या, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

या साधनास चित्रांची वा बटणांची गरज लागत नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावयाची आणि उत्तरही तेथेच अक्षरांत वाचावयाचे. ‘गिट डिफ’ असे म्हटले की जुन्या आणि नव्या मजकुरातला फरक समोर येतो: गेलेल्या ओळीआधी उणे चिन्ह, आलेल्या ओळीआधी अधिक चिन्ह. ही युक्ती गिटहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘डिफ’ तयार केले, आणि अधिक-उण्याची आजची मांडणी १९९० साली वेन डेव्हिसन यांनी बसविली. गिटने तिच्यावर रंग चढविला. गेलेले तांबडे, आलेले हिरवे. २०१३ पासून तर हा रंग न मागताच मिळतो.

आता कुलवृत्तांतातील एक ओळ म्हणजे कधी कधी अर्धे पान असते. तीत एक शब्द बदलला तरी सारी ओळ गेली आणि सारी ओळ आली असे दिसू लागते. म्हणून त्या तरुणाने सर्वांस आणखी एक सोय करून दिली. तीत ओळ एकदाच दिसते. तिच्यातच गेलेले शब्द तांबडे आणि आलेले हिरवे होतात. अधिक-उणे चिन्हे मात्र गळतात. वाचावयास ही मांडणी फार सुखाची आहे. आम्ही तिच्यावर खूष होतो.

एका शाखेची तपासणी बडोद्यास राहणाऱ्या आमच्या भाच्याकडे होती. त्या शाखेत आमच्या पणजोबांच्या एका बंधूंच्या नावापुढे, जुन्या आवृत्तीत, ‘निर्वंश’ असा शब्द छापलेला होता. वस्तुतः त्या गृहस्थांस दोन मुली होत्या आणि त्या मुलींची घरे आजही नांदती आहेत. नव्या आवृत्तीत तो शब्द काढून मुलींची नावे घातली होती. भाच्याचा रात्री दूरध्वनी आला.

“मामा, येथे ‘निर्वंश’ही दिसते आहे आणि दोन मुलींची नावेही. यातले गेले कोणते आणि आले कोणते?”

“तांबडे गेले, हिरवे आले,” आम्ही म्हणालो.

तो जरा थांबला. “मला दोन्ही सारखीच दिसतात, मामा. कचेरीत मी हे कोणाला सांगितलेले नाही. इतकी वर्षे चिन्हे पाहून निभावले. तुम्ही पाठविलेल्यात चिन्हेच नाहीत.”

तांबडा आणि हिरवा हे रंग ज्यांस वेगळे दिसत नाहीत असे पुरुष आपण समजतो तितके विरळ नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते शंभरांत सुमारे आठ आढळतात. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी, तरी नगण्य नव्हे. अणुवादाचे प्रणेते जॉन डॉल्टन हे त्यांतलेच. १७९४ साली त्यांनी स्वतःच्या दृष्टीविषयी मँचेस्टर येथे निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. १८४४ साली ते वारल्यावर डोळा उघडून पाहिला, तो द्रव स्वच्छ निघाला. त्या डोळ्याचा जपलेला अंश तपासून १९९५ साली शास्त्रज्ञांनी खरे कारण सांगितले: हिरव्याच्या बाजूचा प्रकाश टिपणारे रंगद्रव्य घडविणारे जनुकच त्यांच्या ठायी नव्हते.

हे जनुक ‘एक्स’ या गुणसूत्रावर असते. बाप आपले एक्स मुलास देत नाही, मुलीस देतो. मुलीस आईकडूनही एक एक्स मिळालेले असते, म्हणून तिला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही. परंतु तिच्या मुलात ती उणीव उतरू शकते. अर्थात आजोबांची दृष्टी नातवाकडे जाते ती लेकीच्या वाटेने. हे वाचताना आम्हांस आमचे वडील आठवले. वैशाखात कुळागरातली पिकलेली भिरंडे त्यांना पानांआड दिसत नसत. आम्ही भावंडे खालून “तिथे, तुमच्या हाताशीच!” म्हणून ओरडत असू, आणि ते चाचपून, बोटांनी दाबून, मग फळ तोडीत. त्यांचे लक्ष नसते, असे आजी म्हणे. लक्ष होते, लाल फळ तेवढे त्यांच्या डोळ्यांस पानासारखे दिसत असावे. आणि कुलवृत्तांताचा वंशवृक्ष पाहा: बापाकडून मुलाकडे रेघ, मुलाकडून नातवाकडे रेघ. वडिलांची दृष्टी ज्या वाटेने भाच्यापर्यंत पोचली, ती वाट जुन्या वृक्षात काढलेलीच नाही.

उपाय फारसा कठीण नव्हता. गिटमध्ये प्रत्येक प्रकारच्या मजकुराचा रंग ज्याचा त्याने ठरवावा अशी मुभा आहे. आज्ञा रोमन लिपीत टंकावयाची, उच्चाराने ती अशी: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.डिफ.ओल्ड यलो’. ‘ओल्ड’ म्हणजे गेलेले. त्या जागी ‘न्यू’ घातले की आलेले. पहिला रंग अक्षराचा, दुसरा दिला तर तो पाठीमागचा. नाव न देता ० ते २५५ यांतील क्रमांकही देता येतो, आणि जोडीला ठळक, अधोरेखित, मधून रेघ मारलेले असे गुण लावता येतात. ज्यांस कोणताच रंग उपयोगी नाही त्यांचे काम या गुणांवरही भागते. तांबडा-हिरवा एक दिसणाऱ्यांस पिवळा आणि निळा बहुधा स्पष्ट वेगळे दिसतात. तेव्हा गेलेल्या शब्दांस पिवळा दिला. पोथीवाल्यांचा हरताळच तो! आलेल्यांस निळा. नेहमीचा निळा काळ्या पडद्यावर इतका गडद उमटतो की वाचताना डोळे ताणावे लागतात, म्हणून ७५ क्रमांकाचा आकाशी घेतला. प्रत्येक नोंदीचा मथळा आधीच पिवळा असतो. त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून तो रंगाविना नुसता ठळक केला.

तरी भाच्याच्या कचेरीतल्या संगणकावर पिवळी अक्षरे दिसेनात. तेथला पडदा पांढरा. गिट केवळ संकेतांक पाठविते, तांबड्याचा ३१, हिरव्याचा ३२, पिवळ्याचा ३३. त्या अंकाची प्रत्यक्ष छटा कोणती, हे पडदा ठरवितो. तेव्हा तेथे पिवळ्यामागे काळा रंग घातला आणि अक्षरे उठून आली.

बेळगावच्या आमच्या काकांस हे सारे रुचले नाही. “एका ग्रंथाला एकच रंग असावा. प्रत्येकाने आपापला रंग लावला तर खरे कोणते मानायचे?” असे त्यांनी कळविले. त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती, परंतु तिला उत्तर आहे. हा रंग ग्रंथात नसतोच. तो प्रत्येकाच्या संगणकावरील त्याच्या स्वतःच्या मांडणीच्या धारिकेत असतो, आणि नोंद सर्वांकडे अक्षरशः एकच राहते. उत्तर पडद्यावर न जाता धारिकेत लिहिले जाणार असेल, तर गिट आपणहून रंग वगळते. ‘ऑटो’ या मूळ मांडणीचा अर्थ हाच. ती बदलून कोणी ‘ऑलवेज’ केली की रंगांचे अंक मजकुरात शिरतात. हैदराबादच्या एका नातलगांनी तसे केले होते. त्यांनी छापखान्याकडे पाठविलेल्या बदलांच्या यादीत प्रत्येक नावाआधी चौकोनी कंस आणि ३१, ३२ हे आकडे आले. छापखानेवाल्यांनी ते पूर्वजांचे वय समजून विचारणा केली.

भाच्याने ‘निर्वंश’ शब्द गेल्याची खातरजमा करून ती नोंद मान्य केली. आलेल्या शब्दांखाली रेघही यावी अशी व्यवस्था त्याने आपण होऊन करून घेतली. त्याच आठवड्यात त्याची एक भर आमच्याकडे आली. आमच्या वडिलांच्या नावाखाली त्याने आपल्या आईचे नाव लिहिले होते, आणि तिच्याखाली स्वतःचे. आमच्या पडद्यावर ते शब्द हिरवे उमटले. त्याच्या पडद्यावर आकाशी असतील, खाली रेघ ओढलेले.