परसातली शेकोटी

थंडी पडली की तुमच्याकडेही कुणीतरी म्हणत असेलच, “चला, जरा शेकोटी करू या!” आमच्या नाशकात तर हे ठरलेलंच. सासूबाई निफाडकडच्या. तिकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा वाचवायलासुद्धा रात्री शेकोट्या पेटवतात. त्यामुळे परसात जाळ झाल्याशिवाय त्यांना पौष आल्यासारखा वाटतच नाही.

पण शेजारच्या बंगल्यातल्या लहानग्याला दमा आहे. त्याची आई कधी तक्रार करत नाही, नुसत्या खिडक्या लावून घेते. ते मला जास्त लागतं. हिवाळ्यात वारा पडलेला असला की गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर वर जायचं नाव घेत नाही. म्हणून आता आधी तिला विचारायचं आणि धुकट, निवांत रात्री काडीच ओढायची नाही, असं मी सासूबाईंना सांगून टाकलं. दोन दिवस अबोला झाला, पण ऐकलं त्यांनी.

जाळायचं ते फक्त सुकं लाकूड नि गोवऱ्या. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, प्लॅस्टिक यांचा धूर विषारी. पालापाचोळाही नको, तो खतात जाऊ द्या. शिवाय उघड्यावर कचरा जाळणं हा गुन्हा आहे, बरं का! राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली त्यासाठी ५,००० रुपये भरायला लावले, आणि ढीगच्या ढीग जाळणाऱ्याला २५,०००. सोसायटीत राहत असाल तर तिथलेही नियम आधी विचारून घ्या.

जागा मोकळी हवी. वर तारा, फांद्या, वाळत घातलेले कपडे नकोत. पाण्याची बादली भरून जवळ ठेवा. नायलॉनचा पदर अंगाला वितळून चिकटतो, तेव्हा सुती लुगडं नेसा आणि पदर खोचा. विझत आलेल्या निखाऱ्यांवर रॉकेल मुळीच ओतू नका. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका.

आमचं खरं भांडण झालं ते निखाऱ्यांवरून. उरलेला विस्तव शेगडीत घालून सासूबाई खोलीत न्यायला निघाल्या. “बाळंतिणीच्या खोलीत ठेवतच होतो की आम्ही!” म्हणाल्या. खरंय, पण तेव्हा कौलांच्या फटीतून वारा यायचा. आता सरकत्या काचांच्या खिडक्या घट्ट बसतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेलं माणूस झोपेतच जातं. तेव्हाही काही जणी दगावल्या असतील, कारण कुणाला कळलं नसेल, एवढंच. हे ऐकून त्या गप्प बसल्या नि मग हळूच आपल्या धाकट्या जावेचं नाव घेतलं.

आता त्यांना रात्री गरम पाण्याची पिशवी देते. निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा ओततो. राख सकाळपर्यंत पत्र्याच्या डब्यात, बाहेर.