हिवाळ्यातलं तळं आणि पिसांची माशी

इंग्लंडला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "लंडन पाहिलंत का? राजवाडा?" मी म्हणते, "हो, एक दिवस धावतपळत पाहिलं. पण लक्षात राहिलंय ते एक तळं. भर डिसेंबरात कुडकुडत तिथे मासे धरत उभी होते!" मग समोरची बाई अशी बघते, की हिच्या तिकिटाचे पैसे पाण्यातच गेले म्हणायचे.

तिकीट दादाने पाठवलं होतं. दादा माझा सख्खा थोरला भाऊ, गेली पंधरा वर्षं इंग्लंडच्या दक्षिणेला हँपशायर परगण्यात असतो. 2023च्या डिसेंबरात शाळेतून बिनपगारी रजा काढली, मुलाला ह्यांच्या आणि सासूबाईंच्या स्वाधीन केलं आणि निघाले. पण त्याआधी जावं की नाही, याचा मी महिनाभर घोळ घातला होता. त्याचं कारण सांगायलाच हवं.

आमची आई 2020च्या एप्रिलअखेरीस रत्नागिरीला गेली. विमानं बंद. दादाने सगळं मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलं. तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता, मासिक व्हायचं होतं, आणि वहिनीने घरच्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला : दादा तळ्याच्या काठी, हातात मासे धरायची काठी! घरात आम्ही मासळीचं नाव काढत नव्हतो, आणि हा तिकडे मासे मारतोय? मी काही बोलले नाही. पण साडेतीन वर्षं तो फोटो मनातून गेला नाही. बायकांच्या मनात अशा गोष्टी कशा मुरतात, हे तुम्हांला सांगायला नको!

आणि हा दादा नेमका त्याच तळ्यावर मला घेऊन जाणार होता.

आदल्या दिवशी त्याने विंचेस्टर दाखवलं. मोठं जुनं कॅथीड्रल, आत जेन ऑस्टेनची कबर. बी.ए.ला तिची कादंबरी अभ्यासाला होती, त्यामुळे मी तिथे रेंगाळले. दादाला मात्र दुसरीच कबर दाखवायची घाई. आयझॅक वॉल्टन नावाचे गृहस्थ, 1653 साली त्यांनी मासे धरण्यावर पुस्तक लिहिलं, ते अजून छापलं जातं. नव्वदीचे होऊन 1683च्या डिसेंबरात ते इथेच वारले. कॅथीड्रलमध्ये एका मासे धरणाऱ्याचा एवढा मान, हे बघून आपल्या खाडीकाठच्या गरी टाकणाऱ्या म्हाताऱ्यांची मला आठवण झाली. त्यांना कोण विचारतं!

गावातून इचेन नदी वाहते. पाणी इतकं नितळ, की पुलावरून खाली मासे मोजावेत. हा सगळा मुलूख खडूच्या टेकड्यांचा. पावसाचं पाणी खडूत मुरतं, गाळून निघतं आणि झऱ्यांतून बाहेर येतं. झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण दहा अंशांच्या आसपासच असतं, म्हणून थंडीच्या सकाळी त्यावर वाफ तरंगते, अगदी बंबातल्या पाण्यासारखी. या पाण्यात एक तिखटसर हिरवी भाजी लावतात, वॉटरक्रेस. चव आपल्या अळिवाच्या पानांच्या जवळची. कोशिंबिरीत फार छान लागते.

आता तळ्याकडे वळते. तिकडे डिसेंबरात आठ वाजल्यावर उजाडतं आणि चार वाजले की दिवेलागण. मी लोकरीचे दोन थर, दोन जोड मोजे आणि वर वहिनीचा कोट असा अवतार केला होता. दादाने टोपी आणि चष्मा सक्तीने घालायला लावला. थंडीसाठी नाही हं, गळ उलटून डोळ्यात जाऊ नये म्हणून!

तिथे तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात मासे धरायला सरकारी परवाना लागतो. दादाने माझा एका दिवसाचा काढला होता. शिवाय तळ्याच्या मालकाचं तिकीट वेगळं, आणि त्यावर किती मासे न्यायचे तेही ठरलेलं. आमचं दोन माशांचं होतं. ट्राऊटमध्ये दोन जाती. ब्राऊन ट्राऊट तिथला मूळचा, हिवाळा त्याचा विणीचा हंगाम, म्हणून तेव्हा त्याला धरायला बंदी. रेनबो ट्राऊट मूळचा अमेरिकेचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आणलेला. तो शेततळ्यांत वाढवून अशा तळ्यांत सोडतात, म्हणून तो हिवाळ्यातही धरता येतो. (आपल्या हिमाचलात हिवाळ्यात ट्राऊट धरायला बंदी असते; जाणार असाल तर मार्चनंतर बेत करा.)

आम्ही लहानपणी भाट्याच्या खाडीवर गरी टाकायचो ती कोळंबी लावून. इथे गळाला खाण्याचं काहीच लावत नाहीत! दोरे, पिसं आणि केस गुंडाळून नखाएवढा खोटा किडा बनवतात, त्याला म्हणायचं माशी. दादाने डबी उघडली तर मला वाटलं, कुणा हौशी बाईचा भरतकामाचा डबा! त्यात एका माशीवर काळ्या पिसात पांढरट, पिवळसर, मेणासारखे ठिपके होते. दादा म्हणाला, "ओळख बघू. आपल्याकडचा आहे." राखी रानकोंबडा! सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तोच. त्याच्या मानेच्या पिसांना या कामात फार मागणी. एके काळी ती आपल्याकडून बोटीने भरून जात. आता आपल्या सरकारची बंदी आहे, आणि तिकडे मुद्दाम पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

या माश्या बांधण्यात साऱ्या जगात नाव मिळवलं ते एका बाईने, हे ऐकून मला बरं वाटलं. मेगन बॉइड तिचं नाव. स्कॉटलंडच्या उत्तरेला एका लहानशा घरात ती जन्मभर सामन माशासाठी माश्या बांधत राहिली. 1971 साली तिला राणीचं पदक जाहीर झालं, तर ही गेलीच नाही. कुत्र्याला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणे! आणि गंमत म्हणजे तिने स्वतः कधी मासा धरला नाही.

खरी कसोटी पुढेच होती. माशीला वजन नसतं, म्हणून ती दगडासारखी फेकता येत नाही. वजन दोरीला असतं. ती जाड दोरी हवेत मागे उडवायची, ती मागे पुरती सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे झटका द्यायचा. ओलं लुगडं झटकतो ना, तसं. माझं चुकायचं ते थांबण्यात. दोन वेळा दोरी माझ्याच टोपीत अडकली, एकदा मागच्या झुडपात. दादा शांतपणे सोडवत होता. "घाई नको गं. मागची दोरी सरळ होऊ दे आधी."

थंडीत मासा खोल असतो, सुस्त असतो, कशाच्या मागे पळत नाही. म्हणून माशी बुडू द्यायची आणि दोरी बोटांभोवती इतकी सावकाश गोळा करायची, की आपलाच धीर सुटावा. डोळे मात्र दोरीच्या टोकावर. तिथे जराशी थरथर दिसली, तरच मासा. ना घराचा विचार सुचतो, ना शाळेचा. दुपारी बाराच्या सुमारास ऊन पडलं, पाण्यातून बारीक न चावणारी चिलटं निघू लागली, तेव्हा कुठे तळं जागं झालं. दादाने लगेच चिलटाच्या कोषासारखी काळी बारीक माशी बांधून दिली.

थर्मासमधला चहा घेताना मी विचारलंच. "दादा, आई गेल्यावर तू इथे आला होतास ना? फोटो होता."

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. "13 मेला इथे मासे धरायला परत परवानगी मिळाली. तोपर्यंत घरात बसून होतो. झोप नाही, काही नाही. हिने जबरदस्तीने आणून सोडलं." मग म्हणाला, "दोरीला माशी नव्हती लावली गं. दिवसभर नुसती दोरी फेकत होतो."

मला काय बोलावं कळेना. फोटोत काठी दिसली होती. एवढ्याशा फोटोत माशी आहे की नाही, हे कुणाला दिसणार? "मला सांगायचंस तरी," मी म्हटलं. "तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला. आणि तेही खरंच होतं.

तेवढ्यात माझी दोरी थरथरली! पुढची पाच मिनिटं मी काय केलं मला आठवत नाही, दादा ओरडत होता, "सोड, ओढू दे त्याला, सोड!" शेवटी जाळीत आला, किलोभराचा, अंगावर गुलाबी पट्टा. मासा तडफडत ठेवत नाहीत, एका छोट्या दांडक्याने डोक्यावर एकच टोला देतात. त्या दांडक्याचं नाव प्रीस्ट, म्हणजे पाद्री, शेवटचे संस्कार करणारा! टोला दादाने दिला. मी दुसरीकडे पाहिलं. माशांच्या गावात वाढले तरी.

दुसरा मासा दादाला संध्याकाळी मिळाला.

साफ मात्र मीच केले. ट्राऊटचे खवले अगदी बारीक, काढायची गरज नाही. मीठ चोळून बुळबुळीतपणा तेवढा धुवायचा. रेनबोचं मांस गुलाबी दिसलं तर घाबरू नका, तळ्यावरच्या खाद्याने ते तसं होतं. हळद, तिखट, मीठ आणि मी नेलेलं कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवले, तांदळाच्या पिठात घोळवून मंद आचेवर तळले. मांस मऊ असतं, सारखं उलथू नये.

वहिनी डोकी कचऱ्यात टाकायला निघाली, तिकडे कोणी खात नाही म्हणून. दादा आणि मी एकदमच ओरडलो, "नको!"

दुसऱ्या दिवशी गोठवलेला नारळ आणून मी त्यांची आमटी केली, आई करायची तशी. दादाने दोन वाट्या घेतल्या. तिरफळं तेवढी नव्हती. "पुढच्या वेळी येताना आण," दादा म्हणाला.