शेवटचें दार

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेली असते. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. प्रतिपक्ष एकेक पायरी चढत शेवटच्या दाराशीं गेला असतां आपण घरांत कसें वागावें, याविषयीं ती कांहींच सांगत नाहीं. यंदा आमच्या घरापुढें नेमका हाच प्रश्न उभा राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या एकत्र कुटुंबाची अष्टागरांत नारळी-पोफळीची वाडी व खारेपाटांत थोडी भातजमीन आहे. ही जमीन तीन पिढ्या एकच घराणें कसतें. आपला आजा संरक्षित कूळ होता, असा त्या घरच्या कर्त्या पुरुषाचा दावा. आमच्या वडिलांचें म्हणणें असें कीं, तो आजा मजुरीवर राबत असे. तहसीलदारांनीं दावा नामंजूर केला. वरील अपील, महसूल न्यायाधिकरण व उच्च न्यायालय, सर्वत्र तेंच झालें. आतां त्यानें दिल्लीस सर्वोच्च न्यायालयांत अपिलाची परवानगी मागितली आहे.

ही वार्ता येतांच घरांतील तरुण मंडळी खवळली. "चार ठिकाणीं हरला, तरी याची हौस फिटत नाहीं! नुसत्या अर्जानें स्थगिती मिळत नाहीं, पेरणीपूर्वींच ताब्याची कारवाई करूं," असें थोरले चिरंजीव म्हणाले. कायद्याच्या दृष्टीनें त्यांचें बोलणें चुकीचें नव्हतें. परंतु काकू माजघरांतून एवढेंच म्हणाल्या, "त्याच्या घरची पांढऱ्या कांद्याची माळ दरसाल आपल्या आढ्याला असायची. दावा लागल्यापासून तें आढें रिकामें आहे."

'संरक्षित कूळ' या दोन शब्दांसाठीं माणूस एवढा हट्ट कां धरतो, हें कळण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. आमचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्यांतील चरी या गावीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांची जमीन कसण्याचें नाकारलें. हा संप सहा वर्षें चालला. शेतें ओसाड पडलीं; लोकांनीं मोलमजुरी करून व रानांतील लांकूडफाटा विकून दिवस काढले. १९३४ सालीं डॉ. आंबेडकर तेथें स्वतः गेले होते. पुढें १९३९ च्या मुंबई कूळ कायद्यानें, १ जानेवारी १९३८ पूर्वीं सलग सहा वर्षें जमीन स्वतः कसणारास संरक्षित कूळ मानलें. १९४८ सालीं नवा कायदा झाला, आणि १९५७ च्या १ एप्रिलपासून कसणारा हाच जमिनीचा खरेदीदार मानला जाऊं लागला. म्हणून आज एखाद्या नातवाचें सारें भवितव्य आजाच्या नांवापुढील एका नोंदीवर लोंबकळत असतें. ती नोंद सांपडली तर तो मालक. न सांपडली तर तो परका.

दिल्लीस त्यानें मागितली आहे ती केवळ परवानगी, अपील त्यापुढचें. राज्यघटनेच्या १३६ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवसांत हा अर्ज करावा लागतो. असाधारण प्रसंगीं, मोठा अन्याय झाल्याचें दिसल्यासच ही परवानगी द्यावी, असें त्या न्यायालयानें १९५० सालींच सांगून ठेवलें आहे. पुष्कळ अर्ज कारण न देतां एका ओळींत निकालांत निघतात. इंग्लंडांतही आश्रय मागणाऱ्या परदेशी मनुष्याची मागणी फेटाळली गेली, तर सर्वोच्च न्यायालयांत जाण्यापूर्वीं त्यास अशीच परवानगी मिळवावी लागते. खुद्द लोकमान्य टिळकांनींही हें दार ठोठावलें होतें. शिवराज्याभिषेकोत्सवाच्या निमित्तानें 'केसरीं'त आलेल्या मजकुरावरून १८९७ सालीं त्यांस दीड वर्षाची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयानें अपिलाची परवानगी नाकारली, तेव्हां प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें. पुढें पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ त्यांच्या बाजूनें बोलले. तरी तेथेंही नकारच मिळाला. त्यावेळीं टिळकांस कोणी भांडखोर म्हटलें असतें, तर आपल्या आजोबांनीं तें ऐकून घेतलें असतें काय?

चिरंजीवांस आम्ही आणखी एक गोष्ट दाखविली. २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें स्पष्ट केलें आहे कीं, कारण न देतां अर्ज फेटाळला म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरविला, असें होत नाहीं. तें अपील ऐकण्याची आपली इच्छा नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हां उद्यां त्यास नकार मिळाला, तरी दिल्लीनें आम्हांस खरें ठरविलें, अशी फुशारकी मारण्यास आम्हांस जागा नाहीं. खालचे निकाल आमच्या बाजूचे आहेत, तेवढे पुरेत.

सर्वांनीं मिळून असें ठरविलें. आमचें म्हणणें ऐकल्यावांचून हुकूम होऊं नये म्हणून कॅव्हेट दाखल करावें. आपल्या हक्काविषयीं गाफील राहणें हा कांहीं मोठेपणा नव्हे. मात्र दिल्लीचें उत्तर येईपर्यंत जमिनीस हात लावूं नये. त्यानें यंदाही राब भाजावा, रोपें लावावीं, पीक घरीं न्यावें. बायकांनीं पाणवठ्यावर वा देवळांत दाव्याची गोष्ट काढूं नये. आणि निकाल कसाही लागो, पेढे वांटूं नयेत. चिरंजीवांस हें सारें रुचलें असें नाहीं. परंतु वडिलांच्या शब्दाखातर त्यांनीं मान तुकविली.

दाव्यांत एक पक्ष हरणार, हें ठरलेलेंच. पण हरणाऱ्यास आपलें म्हणणें शेवटपर्यंत सांगतां आलें, एवढें समाधान उरलें, तर दोन्हीं घरांस पुन्हां एका गांवांत नांदतां येतें. तें समाधान त्याच्यापासून हिरावून घेतल्यास जमीन आमच्याकडे येईल खरी. पण तिच्या बांधावरून जातांना आमच्या नातवंडांस खालीं मान घालून चालावें लागेल. घर चालविणाऱ्यानें सात-बाऱ्यावरील नांवाइतकीच याचीही काळजी वाहिली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.