छोटी गाडी, चांदा फोर्ट आणि न्यायला आलेले गुरुजी

आपल्या शाळेच्या वसतिगृहात त्या काळी मुलांचे दोन गट असत. एक ‘डोंगरची’ मुले. जिवतीच्या पठारावरील गोंड-कोलामांच्या गुड्यांतून, तसेच १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून येऊन माणिकगडच्या डोंगरात स्थिरावलेल्या कुटुंबांतून ती येत. सणावाराला पायवाटेने घरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत येणे त्यांना शक्य होते. दुसरे आम्ही, झाडीपट्टीतले: ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा या भागांतले. आम्हाला घर दिसे ते दिवाळीत आणि उन्हाळ्यात. आम्ही आगगाडीने येत असू, म्हणून डोंगरच्या मुलांनी आम्हाला ‘गाडीवाले’ असे नाव ठेवले होते. त्यांच्यापैकी कित्येकांनी तोवर आगगाडी पाहिलेलीही नव्हती. रात्री दिवे मालवल्यावर ते आम्हाला गाडीच्या गोष्टी सांगायला लावीत. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच गोष्टी पुन्हा एकदा सांगाव्यात असे वाटले.

ती गाडी म्हणजे गोंदिया ते चांदा फोर्ट ही नॅरोगेज पॅसेंजर. लोक तिला ‘छोटी गाडी’ आणि तिच्या मार्गाला ‘छोटी लाईन’ म्हणत. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. विसाव्या शतकाच्या आरंभी बेंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग बांधला, तो या भागातील लाकूड, बांबू आणि धान बाहेर नेण्यासाठी. पण पुढे तो माणसांचाच अधिक झाला. नागभीडला त्याला नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे येणारी दुसरी छोटी लाईन मिळे. चांदा गावाचे चंद्रपूर झाले, तरी या स्टेशनाने ‘चांदा फोर्ट’ हे जुने नाव आजतागायत सोडलेले नाही.

माझा प्रवास ब्रह्मपुरीपासूनचा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागे. जाड पुठ्ठ्याचे ते चिमुकले तिकीट बाबूच्या यंत्रातून ‘खट्’ आवाज करीत तारखेचा ठसा घेऊन बाहेर येई आणि बाबा ते माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून वर टाचणी लावीत. नागभीड, तळोधी, आलेवाही, सिंदेवाही, राजोली, मूल-मारोडा, केळझर ही स्टेशने मला उजळणीसारखी पाठ होती. जूनमध्ये निघालो तर बांध्यांत नांगर चाललेले दिसत. दिवाळीनंतर परतताना तेच धान कापणीला आलेले असे. आलेवाहीच्या आसपास आणि पुढे केळझरकडे जंगल इतके जवळ येई, की सागाची पाने खिडकीतून हाताला लागतील असे वाटे. गाडीचा वेग असा, की एखाद्या झाडाकडे पाहू लागलो तर ते पुरते पाहून होई.

डब्यात लाकडी बाके असत आणि बाकांखाली अवघा बाजार. ढिवर बायांच्या मासोळ्यांच्या टोपल्या, बुरडांची सुपे, कोणाच्या कोंबड्या, कोणाचे तांदळाचे गाठोडे. शिंगाड्यांच्या दिवसांत तळ्याकाठच्या गावांतले उकडलेले शिंगाडे विकायला येत, उन्हाळ्यात टेंभरे आणि चारे. मुलगा एकटा दिसला की प्रश्न ठरलेला: “कोन्या गावचा होस रे बापू? कोठी चाल्लास?” शाळेत चाललो म्हटले की जागा मिळे. पुढचा प्रश्न आडनावाचा असे. आडनाव सांगितल्यावर कधी शिदोरीतली भाकर पुढे येई, तर कधी बोलणे तेथेच थांबे आणि समोरचा माणूस खिडकीबाहेर पाहू लागे. त्या गाडीची आठवण कितीही गोड असली तरी हेही तिच्यातच होते आणि ते सांगितलेच पाहिजे. मात्र बाकावरून ‘ऊठ’ असे मला कोणी म्हटले नाही. तिकीट सर्वांचे सारखे होते. तेवढ्या सहा-सात तासांपुरता सारा डबा एका बाकावर बसे.

वसतिगृहातील पहिल्याच वर्षी, एका सायंकाळच्या प्रार्थनेनंतर, भन्तेजींनी आम्हाला १९०१ सालच्या एका प्रवासाची हकीकत सांगितली. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील कोरेगावला नोकरीस होते. नवे कपडे घालून बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे साताऱ्याहून गाडीत बसले आणि मोठ्या आनंदात मसूरला उतरले. वडिलांना लिहिलेले पत्र त्यांच्या हाती पोहोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. दुप्पट भाडे देऊ केले तरी बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक कबूल झाला, तो मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. त्या रात्री मुलांजवळ जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे.

हकीकत संपली आणि भन्तेजी आम्हा गाडीवाल्यांकडे वळून म्हणाले, “आगगाडीने त्या मुलांना नीट आणून सोडले होते. संकट सुरू झाले ते गाडीतून उतरल्यावर. म्हणून आपल्या शाळेचे मूल जेथे उतरेल, तेथे आपला माणूस उभा असलाच पाहिजे.”

हा नियम कोठे लिहिलेला नव्हता. पण मी शाळेत होतो त्या सर्व वर्षांत तो एकदाही मोडला नाही. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, वसतिगृहाचे गुरुजी चांदा फोर्टच्या फलाटावर उभे असत. हातात छत्री, खांद्याला पिशवी आणि पिशवीत मुरमुरे. ते नावे पुकारीत, मोजणी करीत, मग आमची वरात एस.टी. स्टँडकडे निघे. तेथून राजुरा, राजुऱ्याहून गडचांदूर आणि गडचांदूरहून घाट चढून जिवती. घाटात गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पेट्या डोक्यावर.

या नियमाचे मोल मला कळले ते आठवीत असताना. त्या पावसाळ्यात बाबा गेले. दिवाळीपूर्वी आईने मला भेटायला येण्याचे ठरविले. तिला अक्षर येत नव्हते. ब्रह्मपुरीपलीकडे ती एकटी कधी गेली नव्हती. काकांनी शाळेला पोस्टकार्ड टाकले आणि तिला गाडीत बसवून दिले. पुढचा प्रवास तिने मला नंतर कितीदा तरी सांगितला. नागभीडपर्यंत एका मासोळीवालीने तिला सांभाळले आणि उतरताना मूलला जाणाऱ्या एका शिक्षकाच्या स्वाधीन केले. शिक्षकाने मूलला उतरताना चांद्याला निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला सांगितले, “या बाईंना फोर्टला उतरवा.” अशी ती हातोहात चांद्यापर्यंत आली. तिचे आडनाव कोणी विचारले की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही.

पोस्टकार्डावर वार लिहिलेला होता, गाडी कोणती ते लिहिलेले नव्हते. म्हणून गुरुजी सकाळच्या गाडीपासून फलाटावर बसून होते. दिवस कलल्यावर आई उतरली. गुरुजींनी तिला कधी पाहिलेले नव्हते. गाडीतून उतरून जी बाई एका जागी उभी राहिली आणि कोठे जावे हे जिला कळेना, तिच्याजवळ जाऊन त्यांनी एवढेच विचारले, “जिवतीच्या शाळेत मुलगा आहे ना, बाई?” रात्री त्यांनी तिला चंद्रपुरात आपल्या बहिणीकडे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर आणले. “एकटी कशी आलीस?” असे मी विचारले तेव्हा आई म्हणाली, “एकटी कुठं होती मी, बापू? गाडीत सारे होते. अन् उतरली तर तुझे गुरुजी होते.”

पुढे १९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग रुंद झाला आणि आमची छोटी गाडी गेली. नागपूर-नागभीडची छोटी लाईन मात्र नोव्हेंबर २०१९ पर्यंत चालली; मग तीही रुंदीकरणासाठी बंद झाली. २०२० च्या टाळेबंदीत देशभरातील पॅसेंजर गाड्या थांबल्या. त्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा दहा रुपयांच्या किमान भाड्याच्या जागी एक्सप्रेसचे तीस रुपये पडू लागले. पूर्वीचे भाडे परत आले ते २०२४ मध्ये. कोणाला हा फरक वीस रुपयांचा वाटेल. ज्या घरातील मूल दूरच्या वसतिगृहात शिकते, त्या घरी तो आई-बापाच्या एका भेटीचा फरक असतो.

रुंद मार्गाचे आपल्याला स्वागतच आहे. वडसा हे गडचिरोली जिल्ह्याचे वर्षानुवर्षे एकमेव रेल्वेस्थानक होते. तेथून गडचिरोलीपर्यंत रूळ टाकण्याचे काम चालू आहे, ते पुरे व्हावे. जिवतीच्या डोंगरावर आजही रेल्वे नाही. पण आता रस्ता आहे, घरोघरी फोन आहेत, आणि आपले माजी विद्यार्थी चंद्रपूर, बल्लारशा, राजुरा, गडचांदूर येथे नोकरी-व्यवसायात आहेत.

म्हणून सर्व माजी विद्यार्थ्यांपुढे माझी एक सूचना आहे. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी चांदा फोर्ट, चंद्रपूर आणि बल्लारशा या स्टेशनांवर, तसेच राजुरा व गडचांदूरच्या एस.टी. स्टँडवर आपल्यापैकी एकेकाने उभे राहावे. वाटल्यास फलक धरावा, नाहीतर नुसती छत्री चालेल. पहिल्यांदाच घर सोडून आलेले एखादे मूल पेटी हातात धरून उभे दिसले, तर त्याला आधी गाव विचारावे, मग मुरमुरे द्यावेत. आडनाव विचारण्याची गरज नाही; हजेरीपटावर ते असतेच. या जूनपासून चांदा फोर्टच्या फलाटाची जबाबदारी मी घेत आहे. बाकीच्या ठिकाणांसाठी नावे शाळेच्या कार्यालयात कळवावीत, ही विनंती.