तिबेटकडच्या धारेबद्दल

सौसर

चि. छोटीस,

पोळ्याला तू एव्हरेस्टचं विचारलंस आणि घरातल्या गलक्यात बोलणं अर्धवट राहिलं. तामियाच्या भावना डेहरियाचं नाव तुझ्या तोंडी होतं. २२ मे २०१९ रोजी ती माथ्यावर पोचली, तेव्हा तामिया, पांढुर्णा आणि सौसर एकाच छिंदवाडा जिल्ह्यात होते. आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला २०२३ मध्ये. एव्हरेस्टवरच्या लांबलचक रांगेचा जगभर गाजलेला फोटोही त्याच दिवशीचा. ती गेली नेपाळकडून, आग्नेय धारेने. त्या वाटेवर बर्फ जास्त.

पण तुला ओढ खडकाची, म्हणून आज तिबेटकडच्या धारेबद्दल लिहितो. सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी या बाजूने माथ्यावर पोचले. एव्हरेस्ट चढलेले ते पहिले महाराष्ट्रीय. त्या मोहिमेचे नेते होते हृषीकेश यादव.

नॉर्थ कोल ही खिंड सुमारे ७,००० मीटरवर. तिथून चढत ईशान्य धार गाठली की खडकाचे तीन टप्पे एकामागून एक येतात. गिर्यारोहक त्यांना पहिली, दुसरी आणि तिसरी स्टेप म्हणतात. मधले दगड कवेलूच्या छपरासारखे खाली कललेले. बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात बर्फात रुततात, दगडावर मात्र खरवडत सरकतात. उजवीकडे उत्तरेचा उतार हजारो मीटर खाली गेलेला.

१९२४ च्या ८ जूनला ब्रिटिश गिर्यारोहक मॅलरी आणि अर्विन याच धारेवर शेवटचे दिसले. मॅलरींचा देह ७५ वर्षांनी, १९९९ मध्ये सापडला. दुसरी स्टेप सुमारे ८,६०० मीटरवर आहे आणि तिचा वरचा तुकडा जवळजवळ सरळसोट. १९६० मध्ये चिनी गिर्यारोहक छू यिनहुआने तो चढताना पकड मिळावी म्हणून बूट काढले. हिमदंशाने त्याची पायाची बोटं गेली. १९७५ मध्ये चिनी पथकाने तिथे ॲल्युमिनियमची शिडी बसवली. शिडी आली म्हणून जागा सोपी झाली, हे मला पटत नाही. उतरताना तोंड कड्याकडे करावं लागतं, ऑक्सिजनच्या मास्कमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि खालचा दांडा पायाने चाचपडत शोधावा लागतो. दोराची एक गाठ ओलांडायची तर जाड हातमोज्यांतून आधी एक कॅराबिनर, म्हणजे दोरात अडकवायची धातूची कडी, गाठीपलीकडे अडकवायचा, मगच अलीकडचा सोडायचा. हा क्रम थकलेल्या माणसालाही चुकता कामा नये. माथा गाठून परतणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते, हे चढाईच्या गोष्टी सांगणारे फार कमी वेळा सांगतात.

आणखी एक. एव्हरेस्टचा माथा चुनखडकाचा आहे, एका जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला. पांढुर्ण्याकडचा आपला काळा दगड लाव्ह्याचा. आणि आमच्या सौसरच्या नावाने तर भूगर्भशास्त्रात खडकांचा एक अख्खा गट ओळखला जातो, मँगनीज आणि संगमरवराचा. तू भूगोल घेतला आहेस, तेव्हा हे तुला आवडेल.

तुझ्या मनात एव्हरेस्ट आहे, ते राहू दे. पण सुरुवात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्सपासून कर. खडकावर चढणं, दोर, गाठी, रॅपलिंग, बर्फावरची चाल सगळं तिथे शिकवतात. 'ए' ग्रेड मिळाली की ॲडव्हान्सचा रस्ता मोकळा होतो. रोज पाठीवर वजन घेऊन चालायला मात्र आत्तापासून लाग, पहाटे, ऊन चढायच्या आधी.

दादा नाही म्हणतील, याची तुला भीती आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा आटोपला की मी पांढुर्ण्याला येतो आणि त्यांच्याशी बोलतो. तोवर कोर्सच्या तारखा आणि लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्याची माहिती काढून ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका