बोटावरची आगगाडी

म्हातारपणी माणसाला पुन्हा मूल व्हायची मुभा असते म्हणतात. ती मी पुरेपूर घेतली आहे. जेवणे आटोपून मंडळी आपापल्या उद्योगाला लागली, की मी टॅब्लेट मांडीवर घेतो आणि आगगाडीचा रस्ता बांधायला बसतो. “हे काय या वयात?” असे घरात कुणी ना कुणी विचारतेच. मी उत्तर देत नाही. बोरघाटाचे काम चालू असताना कंत्राटदाराने असल्या चौकशांकडे लक्ष देऊ नये!

या खेळाचे नाव ‘ट्रेन्झ’. ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीने तो २००१ साली संगणकासाठी काढला. पुढे तो टॅब्लेटवरही आला. त्याचे भाग दोन. एकात रस्ता बांधायचा, दुसऱ्यात गाडी हाकायची. बांधणे भलतेच सोपे. बोट फिरवले की सपाट जमिनीतून डोंगर वर येतो, दोन ठिपके जोडले की रूळ पडतात. नाही आवडले तर पुसून टाकावेत. चार दुपारींत माझा कर्जत ते लोणावळा मार्ग तयार झाला. चढही अस्सल दिला: ३७ फुटांना १ फूट, म्हणजे शेकडा २.७.

खऱ्या घाटाला सात वर्षे लागली. १८५६ साली काम निघाले, १८६३ च्या एप्रिलात गाडी सुरू झाली. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढायचे होते. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली १८६२ सालीच वारला. आपल्या घाटातून गाडी जाताना त्याने पाहिली नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत गेला. ते कंत्राट त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, तडीस नेले. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारे मजूर, पटकीत दगावलेले मजूर, यांची तर गणतीच नको. माझ्या घाटात मात्र कुणाला साधी ठेच लागत नाही. डोंगर तक्रार न करता खचतो, दरी आपणहून भरून येते. खरे सांगायचे तर या सोपेपणाचा मला हळूहळू कंटाळा येऊ लागला.

तो घालवला गाडी हाकण्याने. बांधताना मी देव असतो, हाकताना नोकर. माझेच रूळ, माझाच चढ; पण आता ते माझे ऐकत नाहीत. चढताना मागे जादा इंजिन लावून रेटता तरी येते. कर्जतला खऱ्या गाड्यांना ‘बँकर’ लावतात तसे. उतरताना मात्र पाठीवर सगळ्या डब्यांचे ओझे येते, आणि ब्रेक लागला तरी वेग लगेच कमी होत नाही. तो मधला काही क्षणांचा काळ फार लांब वाटतो.

माझे वडील या घाटात ड्रायव्हर होते. आम्ही कल्याणला रेल्वेच्या चाळीत राहत असू. गाडी घेऊन घाट चढले, त्या दिवसाच्या गोष्टी ते रंगवून सांगत. उतरून आले की हातपाय धुऊन तासभर ओट्यावर गप्प बसत. आई म्हणायची, “आत्ता दादांशी बोलू नका रे.” का, ते तिने सांगितले नाही; आम्हीही विचारले नाही.

घाटातल्या उताराला जागोजाग आंधळे फाटे काढलेले असतात, कॅच सायडिंग. सांधा मुळात त्या फाट्याकडेच लावलेला असतो. आवरली न गेलेली गाडी तिथे चढावर जाऊन थांबावी, अशी ती योजना. गाडी आधीच उभी राहिली, ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच सांधा फिरतो आणि पुढचा रस्ता मिळतो. म्हणजे वडिलांना दर खेपेला, वाटेत थांबून, आपण सावध आहोत हे सिद्ध करावे लागे. आणि मागच्या डब्यांत माणसे झोपलेली असत.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्या घाटातही मी असे फाटे काढले आहेत. खेळात त्यांच्यापुढे थांबण्याची सक्ती नाही; डब्यांत तर कुणीच नसते. तरी मी गाडी पुरती उभी करतो, मनात साठ मोजतो, सांधा फिरवतो आणि मग पुढे निघतो. कर्जत आले की टॅब्लेट बाजूला ठेवतो. मग थोडा वेळ मलाही कुणाशी बोलावेसे वाटत नाही.