पोचलीस का गं?

डिसेंबर लागला की प्रत्येक ऑफिसात एक मेल येतोच. सब्जेक्ट लाइन ठरलेली - 'इयर एंड पार्टी! आयडियाज प्लीज!' मग दोन दिवस कामधाम सोडून थीमवर खल. रेट्रो, बॉलिवूड, ब्लॅक अँड व्हाइट. कुणीतरी 'लोणावळा' म्हणतं, बॉस 'बजेट' म्हणतो आणि गाडी शेवटी लोअर परळच्या एखाद्या पबपाशीच येऊन थांबते.

एकेकाळी मी या मेलची जाम वाट बघायचे. मास कॉम करून पहिली नोकरी लागली आणि लगेच पार्टी कमिटीत भरती झाले. डीजे कोण, ड्रेसकोड काय, गिफ्टचं बजेट किती, सगळं माझ्या एक्सेल शीटमध्ये. त्या शीटमध्ये एकच कॉलम कधी नव्हता. कोण घरी कसं जाणार?

तो प्रश्न आला तीन वर्षांपूर्वी, रात्री अडीच वाजता. आमच्या ट्रेनीच्या आईचा डोंबिवलीहून फोन. "अगं, ती अजून घरी आली नाही. फोन बंद लागतोय. तुम्ही सगळे होतात ना तिथे?"

होतो ना! बार आठला सुरू झाला आणि स्टार्टर्स यायला साडेनऊ वाजले, तेव्हा होतो. दुपारी डेडलाइनमुळे ती जेवली नव्हती. 'एक तर घे यार, पार्टी आहे' असं म्हणत तिच्या हातात ग्लास देणाऱ्यांमध्ये मीही होते. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागतं आणि हार्ड ड्रिंक्ससाठी २५, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. ती २२ची होती. ग्लासात व्होडका होती. मीच तिला टॅक्सीत बसवलं, 'बाय स्वीटी' म्हटलं आणि पुन्हा डान्स फ्लोअरवर गेले. गाडीचा नंबरसुद्धा बघितला नाही.

साडेचारला तिचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. मळमळायला लागलं म्हणून ती ठाण्यातच उतरली होती. बॅटरी संपली होती. मग स्टेशनवर रेल्वे पोलिसांच्या नजरेसमोर बसून राहिली, पहिली लोकल सुटेपर्यंत. काही झालं नाही. सोमवारी ऑफिसात सगळे हेच म्हणाले, "चला, काही झालं नाही ना!" पण ते आमचं नशीब होतं, प्लॅनिंग नव्हतं. तिच्या आईच्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता मी फ्रीलान्सर आहे. तरी यंदा जुन्या ऑफिसातून एचआरचा फोन आला, "तुला अनुभव आहे, ये ना गं मदतीला." मी हो म्हटलं, पण एका अटीवर. शीट मी बनवणार आणि पहिला कॉलम 'घरी कसं जाणार' हाच असणार.

मग वेळच बदलली. दुपारी चार ते रात्री नऊ. 'ही काय बारशाची वेळ आहे का?' असे टोमणे ऐकले. पण विरार, पनवेल, बदलापूरवाल्यांचे चेहरे खुलले. आधी पाणीपुरी आणि कबाब, बार नंतर. रिकाम्या पोटी दारू लवकर चढते, हे कळायला सायन्सची डिग्री लागत नाही. न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत आणि जलजीरा त्याच काउंटरवर, कोपऱ्यातल्या टेबलावर नाही. 'का नाही घेत?' हा प्रश्न विचारायला बंदी. पॅन्ट्रीतले काका या वेळी सर्व्ह करायला नाही, पाहुणे म्हणून आले. हाउजीत पहिली लाइन त्यांचीच लागली!

जागा बघायला मी स्वतः गेले. २९ डिसेंबर २०१७ची कमला मिलची आग आमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावरची. १४ जण गेले, बरेचसे बाथरूममध्ये गुदमरून. म्हणून डीजेच्या आधी मी इमर्जन्सी एक्झिट विचारली. दारापुढे कोल्ड्रिंकचे क्रेट रचलेले! मॅनेजर म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी हटवू." मी म्हटलं, "आत्ता हटवा, दार उघडून दाखवा, मगच ॲडव्हान्स."

बाइकवाल्यांच्या चाव्या दारातच जमा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. २०१९पासून पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एचआरने मेलमध्ये आणखी एक ओळ टाकली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामानिमित्त जावं लागणारी जागा आणि कंपनीची गाडीही 'कामाची जागा'च असते. थोडक्यात, पार्टीतही ऑफिसचेच नियम. कॅब कंपनीच्या होत्या, रूटप्रमाणे ग्रुप केले आणि कुठलीही मुलगी गाडीत शेवटी एकटी उरणार नाही असा क्रम लावला.

कमिटीत माझ्यासोबत कोण होतं, सांगू? तीच ट्रेनी. आता ती सीनिअर आहे. नव्या पोरांना ग्लास देण्याऐवजी प्लेट देत फिरत होती. 'पोचलात का?' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुपही तिचीच आयडिया. घरी पोचलं की एक शब्द टाकायचा, बस्स.

मजा कमी झाली का? अजिबात नाही. बॉस 'झिंगाट'वर नाचला, तेही कोकम पिऊन! व्हिडिओ आहे.

रात्री घरी येऊन मी सोफ्यावर यादी घेऊन बसले. 'पोचलो', 'पोचले', 'पोचलो'. एकेका नावापुढे टिक. पावणेअकराला बदलापूरची शेवटची टिक झाली आणि मोबाइल बाजूला ठेवला. तेवढ्यात डोंबिवलीहून मेसेज आला.

"ताई, तुझंच राहिलंय. पोचलीस का गं?"